मुहर्रकच्या किनाऱ्यावर मुलगी दाखवणं

माझ्या नणंदेनं सोफ्यावर बसून स्वतःला दाखवून घ्यायला साफ नकार दिला, म्हणून मला मुहर्रकच्या किनाऱ्यावर एकोणीस माणसांची सहल काढावी लागली. हे एवढंच सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मधलं काहीतरी मी गाळते आहे. मी काही गाळत नाही. फक्त क्रमानं सांगायला हवं.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आम्ही बहारीनला मनामात राहत होतो. यजमान एका व्यापारी कंपनीत अकाउंटंट, मी घर आणि निम्म्या महाराष्ट्र मंडळाची कामं बघत असे, आणि यजमानांची धाकटी बहीण आमच्याकडे राहून एका बांधकाम कंत्राटदाराच्या ऑफिसात टायपिस्ट होती. तिचं वय एकतीस. पुण्यात ते पस्तीसच्या आवाजात सांगितलं जाई.

त्या वर्षी तिच्या कंत्राटदाराचं काम संपलं. मार्चअखेर ऑफिस बंद होणार, म्हणजे नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर व्हिसाही. आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, पत्र लगेच आलं. तिथे तिचं लग्न ठरत असेल तर ठीक, नाहीतर तिला पहिल्या विमानानं पाठवा. इकडे एक स्थळ बघून ठेवलं आहे, विधुर आहेत, दोन मुलं आहेत, पण स्वभावानं शांत.

नणंदेनं पत्र वाचलं आणि मला म्हणाली, "वहिनी, मला लग्न नको असं नाही. मला परत जायचं नाहीये."

मला हे दोन प्रश्न वाटलेच नाहीत. एका उत्तरात दोन्ही सुटतात, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. माझ्या एका मावसबहिणीनं पुण्याहून एक नाव कळवलं होतं. मुलगा मुहर्रकलाच राहणारा, जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनियर, छत्तीस वर्षांचा, निर्व्यसनी. सोबत फोटो. फोटो पदवीदानाचा होता. त्यात टोपी जास्त आणि मुलगा कमी. मी फोन केला. पलीकडून तीन वेळा "हो" आणि एकदा "चालेल" आलं. चार उत्तरं, चारही होकारार्थी. मी घरी सांगितलं, मुलगा समंजस आहे.

अडचण नणंदेची निघाली.

"मी ट्रे घेऊन बाहेर येणार नाही," ती म्हणाली. "मी रोज सात इंजिनियरांना त्यांच्या चुका लाल पेन्सिलीनं दाखवते. आठव्यासमोर मान खाली घालून नाही बसायची मी."

"मग भेटणार कसं?"

"उघड्यावर. चालता चालता. त्याला पळून जाता आलं पाहिजे."

"आणि तुला?"

"मलाही."

यजमान पेपर वाचत होते. "बघू," ते म्हणाले. आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ, तू कर.

मी मुहर्रक निवडलं. मुख्य बेटाच्या वरच्या अंगाला असलेलं हे दुसरं बेट, मधे समुद्रात भर घालून केलेला रस्ता. विमानतळ तिथेच असल्यामुळे आमच्यापैकी बहुतेकांनी मुहर्रक फक्त बॅगांचं वजन डोक्यात घोळवत ओलांडलेलं. पण एके काळी मोती काढणारी गलबतं तिथून सुटत, आणि आमच्या वेळीही रस्ता ओलांडला की उजव्या हाताला लाकडी गलबतं बांधायची जागा होती. तिथून किनाऱ्यानं आरामात चालत गेलं की अरादचा किल्ला दिसायला लागतो. वाट सपाट, चढ नाही, कुत्री कमी. चालायला दीड तास, थांबे धरून. मी आदल्या शुक्रवारी यजमानांना घेऊन जाऊन ती घड्याळ लावून चालून पाहिली होती.

माणसं ठरली होती पाच. मी, यजमान, नणंद, मुलगा, आणि मुलाला एकटं वाटू नये म्हणून त्याला आणावासा वाटला तर एक मित्र. माझ्याकडचा थर्मास लहान होता, म्हणून मी मंडळातल्या एका काकूंना मोठा थर्मास मागायला फोन केला. एवढीच चूक झाली. काकूंनी कशाला हवा विचारलं, मी "सहज फिरायला" म्हटलं, आणि बहारीनमध्ये सहज फिरायला कोणी जात नसल्यामुळे काकूंना सगळं समजलं. गुरुवार संध्याकाळपर्यंत यादी एकोणिसावर गेली. प्रत्येक फोन सारखाच: "आम्हालाही किनारा बघायचाच होता कधीपासून." चार-चार वर्षं इथे राहून ज्यांनी समुद्र फक्त विमानातून पाहिला होता, त्यांना एकदम किनाऱ्याची ओढ लागली.

नाही म्हणणं शक्य नव्हतं, कारण नाही कशाला म्हणते, हे सांगावं लागलं असतं. तेव्हा मी नियम केले. पहिला आणि मुख्य नियम: हा दाखवण्याचा कार्यक्रम नाही. ही किनाऱ्याची आणि जुन्या गलबतांची माहिती घेण्याची सहल आहे. कोणीही कोणालाही नाव, गाव, आडनाव, पगार, पत्रिका विचारणार नाही. काकूंनी "शाखा?" असं विचारलं, मी "तीही नाही" म्हटलं. दुसरा नियम चालण्याच्या क्रमाचा. मी कोण कोणाशेजारी चालेल ते लिहून काढलं होतं. त्यात नणंद आणि मुलगा पहिल्या वळणापासून आपोआप शेजारी येत होते. मागच्यांनी त्यांच्यापासून पंधरा पावलं अंतर ठेवायचं होतं.

काकूंचे यजमान, म्हणजे काका, यांनी सहलीचं सोंग सगळ्यात मनावर घेतलं. त्यांनी मोत्यांवर चार पानी भाषण तयार केलं. त्यांना खरोखरच कोणी आतली गोष्ट सांगितली नव्हती, असं नंतर कळलं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता सगळे गलबतांच्या जागी हजर. उत्तरेचं वारं सुटलेलं, फेब्रुवारीतलं, चांगलं बोचरं. बायका रेशमी साड्यांत आल्या होत्या. दाखवण्याचा कार्यक्रम नाही हे सगळ्यांना मान्य होतं, पण नसलेल्या कार्यक्रमालासुद्धा सुती साडी नेसून यायची कोणाची तयारी नव्हती. पदर आडवे उडत होते. नणंद मात्र पँट आणि यजमानांचा जुना स्वेटर घालून आली होती. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मुलगी माझीच.

सात वाजून पाच मिनिटांनी एक निळी गाडी थांबली. दोन पुरुष उतरले. एकाच्या अंगावर इस्त्रीचा कोट, पायात चकचकीत बूट, केस नीट बसवलेले. दुसऱ्याच्या पायात चपला, शर्ट बाहेर, आणि तो जांभई देत होता. मी फोटो आठवायचा प्रयत्न केला, टोपी आठवली. पण शंका घ्यायचं कारणच नव्हतं. मी पुढे होऊन कोटवाल्याला म्हटलं, "या, या. अगदी वेळेवर."

"उशीर नाही ना झाला?" तो म्हणाला.

"छे. तुम्ही इकडून चला. पुढे." आणि चपलावाल्याला म्हटलं, "तुम्ही जरा एवढी वड्यांची टोपली धरता का?"

"धरतो की," तो म्हणाला, आणि लगेच टोपलीवरचा कागद उचलून आत पाहिलं.

नाव विचारायचं नाही हा माझाच नियम, तेव्हा मी ते विचारलं नाही. दुसऱ्या कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता.

आम्ही निघालो. वाळूवर तीन गलबतं उभी होती. एक पूर्ण, एक अर्धवट, एकाच्या नुसत्या खालच्या फळ्या. शुक्रवार म्हणून काम बंद होतं, पण एक म्हातारा कारागीर, तिथले लोक ज्याला उस्ताद म्हणतात, एकटाच बसून फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकत होता. काकांनी भाषण सुरू केलं. वाऱ्यानं त्यांचं दुसरं पान नेलं, म्हणून ते पहिल्यावरून तिसऱ्यावर गेले, आणि मोती काढणारे लोक पाण्यात उतरले ते वर न येताच थेट श्रीमंत झाले.

तेवढ्यात कोटवाला पुढे होऊन उस्तादाजवळ बसला. कापसाची वात हातात घेऊन वास घेतला. मोडक्या अरबीत त्याला काहीतरी विचारलं. उस्ताद हसला. मग कोटवाला नणंदेला समजावू लागला की हे लोक कागदावर आराखडा काढतच नाहीत, डोळ्यानं बांधतात, आधी फळ्या, मग फासळ्या, लाकूड मलबारचं, फट किती ठेवायची ते फळी पाण्यात किती फुगेल यावर. सगळं बोटानं दाखवून, सोपं करून. नणंद ऐकत होती आणि उलट प्रश्न विचारत होती.

काकूंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "बघितलंत? गोदीतला इंजिनियर. जहाजातलं कळतं की नाही लगेच!"

"आणि बोलतो," मी म्हटलं. मला खरोखर आनंद झाला होता. आराखडा न काढता बांधणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत तेव्हाही बरं नव्हतं.

पहिल्या थांब्यावर मी डोकी मोजली: एकोणीस. पुढे किनाऱ्यानं चालताना ओहोटी लागली होती, मासे पकडायला उथळ पाण्यात रोवलेली खजुराच्या झावळ्यांची कुंपणं उघडी पडली होती. वरून विमान इतकं खालून गेलं की काकांचं तिसरं पान संपलं. पुढे नणंद आणि कोटवाला. पंधरा पावलं मागे आम्ही. पंधराची हळूहळू सहा झाली. नियम कोणी मोडला नाही. नुसता वाऱ्याच्या दिशेनं वाकला. बायका इतक्या गप्प चालत होत्या की मंडळाच्या कुठल्याही सभेत मी तशी शांतता पाहिली नव्हती.

"काय म्हणतोय?"

"टाइप… काहीतरी टाइपचं."

"स्वभावाचा टाइप असेल."

"श्शू!"

चपलावाला आमच्यात चालत होता. त्याला सगळ्यांनी ड्रायव्हर ठरवलं होतं. काकूंनी त्याच्याकडे थर्मासही दिला. वाटेत कोणाची तरी चप्पल तुटली, तीही त्यानं धरली. तो मजेत होता. अधूनमधून टोपलीतला वडा खाई. मी त्याला एकदा म्हटलं, "वडे दुसऱ्या थांब्यावर आहेत." तो म्हणाला, "हो, पण टोपली पहिल्यापासून माझ्याकडे आहे." उत्तर मला उद्धट वाटलं. ड्रायव्हरला बोलून काय उपयोग, म्हणून सोडून दिलं.

अरादचा किल्ला समोर दिसायला लागला तिथे दुसरा थांबा. काका म्हणाले, "असा बुरूज आपल्या कोकणात दहा ठिकाणी आहे," आणि चौथं पान काढलं. मी वडे वाटायला टोपली मागितली. सदतीस वडे आणले होते. वाटायला अठ्ठावीस निघाले. तेवढ्यात कोटवाल्यानं घड्याळ पाहिलं आणि आमच्याकडे येऊन म्हणाला, "वहिनी, माफ करा, मला निघायला हवं. साडेनऊची मिस्सा आहे."

तिथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून ख्रिस्ती लोकांची मुख्य प्रार्थनाही शुक्रवारीच असे. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तरी काही क्षण कोणाला काही कळलं नाही.

"मिस्सा?" काकू म्हणाल्या. "कोणाची?"

"आमची. चर्चमध्ये. मी वसईचा." तो अवघडून हसला. "हॉस्पिटलात असतो, रेकॉर्ड विभागात. घरी आमची मंडळी माशांच्या व्यवसायातली, म्हणून होड्यांची आवड. याला गाडी चालवता येत नाही, म्हणून मी सोडायला आलो होतो. बायको दोन मुलींना घेऊन सध्या वसईलाच आहे, नाहीतर तिलाही आणलं असतं."

'याला' म्हणताना त्यानं चपलावाल्याकडे बोट दाखवलं. चपलावाल्याच्या हातात तुटकी चप्पल, थर्मास आणि अर्धा वडा होता.

"म्हणजे हे…" मी म्हटलं.

"मीच तो," चपलावाला म्हणाला. "मला वाटलं आधी चालणं, मग तुमच्या घरी पोहे, आणि तो खरा कार्यक्रम. चालायच्या भागात मला काही करायचं असेल असं वाटलं नाही."

"पण तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही टोपली दिलीत."

दीड तास बायकांचे जे कान पुढे गेले होते ते सगळे एकदम मागे वळले, आणि आपण ज्याला थर्मास, चप्पल उचलायला लावली त्याच्याकडे बघू लागले. काकूंनी पुढे होऊन त्याच्या हातातली चप्पल काढून घेतली आणि म्हणाल्या, "कुठे राहता आपण?" नियम मोडला, पण आता तो कशासाठी पाळायचा होता?

मी नणंदेला बाजूला घेतलं. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा ते ठरत नव्हतं.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या दहा मिनिटांत. त्यांनीच सांगितलं, 'ताई, काहीतरी घोटाळा होतोय, मी तो नव्हे.'"

"मग?"

"मी म्हटलं, असू द्या, कोणाला सांगू नका, चालत राहा. वहिनी, मला दीड तास कोणी बघत नव्हतं. सगळे त्यांना बघत होते."

"आणि दीड तास बोललात काय?"

"आधी गलबतं. मग माझा टायपिंगचा स्पीड." तिनं स्वेटरच्या खिशातून एक चिठ्ठी काढली. "त्यांच्या विभागात एक जागा रिकामी झाली आहे. कंत्राटदारानं रिलीज, म्हणजे दुसरीकडे जायला हरकत नसल्याचा कागद, दिला तर ते व्हिसा बदलून घेतात. राहायला नर्सेस क्वार्टरमध्ये खोली मिळते. रविवारी सकाळी अर्ज घेऊन बोलावलंय. रिलीजच्या कागदावर काय लिहून घ्यायचं तेही त्यांनी सांगितलं."

मी चिठ्ठी वाचली. व्यवस्थित लिहिलेली होती, क्रमांक घालून. कोणाला भेटायचं, कोणते कागद, कोणत्या खिडकीवर आधी जायचं. मला त्यात एकही गोष्ट वाढवता आली नाही, आणि ती गोष्ट त्या सकाळी मला सगळ्यात जास्त लागली.

"पण मार्चपर्यंत नाही जमलं तर?" मी म्हटलं.

"तर विधुर." ती हसली नाही. "म्हणून रविवारी मला तुमच्याबरोबर यायला हवं आहे. तुम्ही कागद कधी विसरत नाही."

घरी पोहे झालेच. केलेले होते, आणि माणसं आलेली होती. खरा मुलगा सोफ्यावर बसला. नणंद समोरच्या खुर्चीवर बसली, ट्रे मी आणला. काकू आणि आणखी आठ जणी थर्मास परत न्यायच्या निमित्तानं बरोबर होत्या.

नणंदेनं सरळ विचारलं, "तुम्हाला लग्न करायचंय का?"

तो विचार करून म्हणाला, "आईला करायचंय."

"आणि तुम्हाला?"

"मला सध्या बरं चाललंय." मग घाईनं, "पण तुम्हाला करायचं असेल तर माझी हरकत नाही."

"माझीही हरकत नव्हती," ती म्हणाली. "पण हरकत नसलेल्या दोन माणसांनी एकमेकांशी काय बोलायचं?"

तो मोकळा हसला, आणि आणखी पोहे मागितले. मला त्या क्षणी तो आवडला. यजमान म्हणाले, "बघू." पहिल्यांदाच कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

रविवारी आम्ही दोघी गेलो. पुढचे पाच आठवडे मी आयुष्यात भरले नसतील इतके फॉर्म भरले. कंत्राटदाराच्या ऑफिसात रिलीज देणारा माणूस रोज "इंशाल्ला, बुक्रा" म्हणायचा, म्हणजे देवाची मर्जी असेल तर उद्या. तो उद्या काही उगवेना. शेवटच्या आठवड्यात नणंद रोज दुपारी त्याच्या टेबलासमोर जाऊन बसू लागली. बोलायची नाही, नुसती बसायची. मी शेजारी. चौथ्या दिवशी त्यानं सही केली आणि म्हणाला, "खलास." ऑफिस बंद व्हायला तीन दिवस उरले होते. ती कागद घेऊन जिन्यात आली, पायरीवर बसली आणि रडली. मी पर्स उघडून रुमाल दिला आणि वेळ बघितली, कारण हॉस्पिटलची खिडकी बाराला बंद व्हायची.

आईंना कळवायचं काम यजमानांवर आलं. तीन संध्याकाळी ते कोरा कागद घेऊन बसले. शेवटी नणंदेनंच लिहिलं: स्थळ जमलं नाही, नोकरी जमली, परत येत नाही, काळजी नसावी. यजमानांनी खाली लिहिलं, "सर्व क्षेम", आणि हुश्श केलं.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. आम्हाला वाटलं होतं, रागवारागवी असेल. नव्हती. आईंनी लिहिलं होतं की हॉस्पिटल म्हणजे तिथे डॉक्टर असणारच. त्यातले लग्नाचे किती, कुठले, आणि घराणं कसं, ते सूनबाईंनी नीट चौकशी करून कळवावं, तिला अशी कामं जमतात.

नणंदेनं ते उभ्या उभ्या वाचलं. पत्र माझ्या हातात देऊन म्हणाली, "वहिनी, विचारायचं नाही हं कोणाला." आणि बस गाठायला खाली पळाली, तिची ड्युटी सातला सुरू व्हायची.